मोटार हाय, रस्ता न्हाय!

चालत्या मोटारीपासून किस्से मिळत नाहीत. माणसं चढतात, उतरतात, घरी जातात. किस्से मिळतात बंद पडलेल्या मोटारीपासून. टायर फुटला, कुणी पाणी आणायला विहिरीवर गेलं, की उरलेली मंडळी झाडाखाली बसतात आणि बोलायला लागतात! हसनभाईंच्या सर्व्हिस मोटारीवर बुकिंग क्लार्क म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे असल्या गोष्टींचा माझ्याकडे ढीग साठला आहे. पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा एकाच पावसाळ्याचा. गंमत म्हणजे त्या पावसाळ्यात आमची मोटार अगदी ठणठणीत होती. बंद पडला होता तो रस्ता!

काळ इंग्रजांच्या अमदानीतला, एकोणीसशे तीसच्या आगेमागे. आमचं गाव खाडीकाठचं. वर बाजार, खाली बंदर, आणि मधे नदीच्या कडेकडेनं जाणारा बंदररस्ता. मुंबईची लाँच भरतीबरोबर बंदराला लागायची. तिचे पॅसेंजर घेऊन आमची मोटार बाजारात यायची आणि तिथून पुढे चौलापर्यंत जायची. हसनभाई मालक, परशुराम ऊर्फ परश्या ड्रायव्हर, आणि मी. मी तिकिटं फाडायचो म्हणून सगळे मला ‘मास्तर’ म्हणायचे. आमच्या गावात कानाला पेन्सिल लावलेला कोणीही मास्तरच!

*

मोटार गावात आली त्या दिवसाचा किस्सा आधी सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गावाभोवती सगळी खारी भातशेती. खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून तिला मातीचे लांबच लांब बांध. उधाणाला बांध फुटला, की म्हणायचं ‘खांड गेली’. मग बांधावरचा राखण्या शंख फुंकायचा, आणि ज्याच्या कानी शंख पडेल त्यानं हातातलं काम टाकून पळत सुटायचं. तेसुद्धा रिकाम्या हातानं नाही. खांडीपाशी सगळा चिखल, तिथे घट्ट माती कुठून मिळणार? म्हणून प्रत्येकाच्या दाराशी कोरड्या मातीचा ढीग घालून ठेवलेला असे. त्यातली पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची आणि धावायचं. आणखी एक रिवाज होता. खांडीसाठी उचललेली माती घरी परत न्यायची नाही. नेली, तर पुढच्या उधाणाला पाणी त्या मातीमागोमाग दारात येतं, अशी समजूत.

या सगळ्या कारभाराचे मुख्य हरी पाटील. उंच, काळे, आणि आवाज असा की त्यांना स्वतःला शंखाची गरज नव्हती.

तर मोटार आली. नवीकोरी, रबरी फुग्याचा पितळी हॉर्न असलेली. परश्या तेव्हा वाहनाला इतका नवा होता, की स्टिअरिंग धरायचं आणि हॉर्न दाबायचा ही दोन्ही कामं सारखीच महत्त्वाची आहेत असं त्याला वाटे. बंदरातून निघाला तो हॉर्न वाजवतच. हॉर्नचा आवाज लांब, घोगरा, थेट शंखासारखा!

वडाच्या वळणावर आलो, तर समोरून खारीतली सगळी गडीमाणसं डोक्यावर भरल्या पाट्या घेऊन धावत येतायत! पुढे हरी पाटील.

“खांड कुठं हाय?” पाटील ओरडले.

“खांड कसली?” परश्या म्हणाला. “मी हॉर्न मारला!”

पाटलांनी हॉर्नकडे पाहिलं. मोटारीकडे पाहिलं. मागच्या सीटवर नवा कोट घालून बसलेल्या हसनभाईंकडे पाहिलं. मग मागे वळून एवढंच म्हणाले, “पाट्या खाली करा.”

माती घरी तर न्यायची नव्हतीच. सगळ्यांनी ती तिथल्या तिथे, मोटारीच्या तोंडासमोर ओतली आणि निघून गेले. आमच्या सर्व्हिसचा पहिला दिवस त्या ढिगाऱ्यामागे उभं राहण्यात गेला!

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. बंदर ते बाजार हॉर्न वाजवायचा नाही, त्याऐवजी मोटारीला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधायची असं ठरलं. हॉर्नच्या तोंडात पाटलांनी स्वतःच्या हातानं लाल फडकं कोंबलं आणि वर गाठ मारली. बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्या बांधताना मारतात ती गाठ. ती दुसऱ्या कुणाला सुटत नसे.

“हे फडकं निघालं तर मोटार खाडीत जाईल,” पाटलांनी बजावलं. “आन् मी या बलेत जल्मात पाय ठेवनार न्हाय.”

पाय त्यांनी ठेवला नाही, हे खरं. पण त्यांची एकुलती लेक येसू चौलाला दिलेली. ती दिवाळीला आमच्याच मोटारीनं माहेरी यायची. त्या दिवशी पाटील सकाळपासून स्टँडवर हजर असत. मोटारीकडे पाठ करून उभे राहायचे. हसनभाईंनी एकदा चहा विचारला, तर म्हणाले, “मी मोटारीसाठी आलो न्हाय. लेकीसाठी आलोय.”

चहा मात्र घेतला!

*

रस्ता गेला तो श्रावणात, भर दुपारी. वरून नदीला पूर आणि खालून खाडीला उधाण, अशी दोन्ही पाणी वळणावर भिडली. काठ आधी चिरला, मग खचला, आणि बघता बघता रस्त्याचा मोठा लचका तोडून नदीनं नेला. मी बाजारच्या बाजूला होतो. मोटार लाँचची वाट बघत बंदरावर.

हसनभाई डोक्यावर छत्री नाही, पायात वहाण नाही, असे धावत वळणावर आले. या माणसानं गलबताच्या धंद्यातला आपला वाटा मोडून मोटार घेतली होती. भाऊ हसले होते. बाप तर कितीतरी दिवस बोलला नव्हता. मोटार म्हणजे त्यांचं सगळं काही होतं.

पलीकडच्या काठावर परश्या उभा. मधे गढूळ पाणी घुमतंय. हसनभाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, “परश्याऽऽ! मोटार हाय का?”

परश्यानं मोटारीकडे बघितलं, पायाखाली बघितलं आणि पलीकडून ओरडला, “मालक, मोटार हाय! रस्ता न्हाय!”

ते वाक्य पुढे गावात इतकं चाललं, की काही विचारायची सोय राहिली नाही. पोस्टात जाऊन पाकीट मागितलं की पोस्टमन म्हणायचा, “पाकीट हाय, तिकीट न्हाय!”

*

आता बंदराच्या बाजूला जो रस्ता उरला होता तो एवढासा. मोटार सुरू करून नीट बसेपर्यंत संपायचा. पण परश्या म्हणाला, “उभी ठेवली तर इंजिनला गंज चढंल.” म्हणून आम्ही सर्व्हिस चालू ठेवली! चौलाची फेरी बंद, चालायची ती बंदर ते खांड. रस्त्याच्या त्या भगदाडालाही आता सगळे खांडच म्हणायचे. पॅसेंजर खांडीशी उतरायचे, सुपारीच्या वाडीतून चिखल तुडवत वळसा घालायचे, आणि बाजारात पोचेपर्यंत आम्हाला शिव्या द्यायचे. शिव्या खरं तर म्युनिसिपालटीच्या, पण समोर आम्ही!

मोटार वळवायला मात्र जागा नव्हती. परश्या जाताना सरळ जायचा आणि येताना रिव्हर्समधे यायचा. महिन्याभरात त्याचा हात असा बसला, की मान मागे टाकून, विडी ओढत, गप्पा मारत तो उलटी मोटार हाणायचा. लोक नुसतं ते बघायला बंदरावर येत.

एकदा मुंबईच्या गिरणीतला एक गृहस्थ लाँचमधून उतरला. समुद्रानं पार थकलेला. मोटारीत बसला आणि झोपला. खांडीशी सगळे उतरले, याला कुणी उठवलं नाही. परश्यालाही मागे कुणी असेल असं वाटलं नाही. मान वाकडी करून काठ बघत बघत त्यानं मोटार उलटी बंदरावर आणली. पॅसेंजर भरून पुन्हा खांडीशी नेली, पुन्हा बंदरावर आणली.

तेव्हा गृहस्थ जागा झाला. डोळे चोळत म्हणाला, “आलं का हो चौल?”

परश्या गंभीरपणे म्हणाला, “न्हाय. बंदर आलं. दुसऱ्यांदा!”

*

म्युनिसिपालटीचे प्रेसिडेंट म्हणजे नानासाहेब वकील. माणूस सज्जन, पण कुठल्याही प्रश्नाला दोन बाजू असतात यावर त्यांची फार श्रद्धा. लोक तावातावानं त्यांच्या घरी गेले, तर म्हणाले, “रस्ता आमचा हे खरं. पण काठ नदीचा, आणि नदी सरकारची. नदीनं आमचा रस्ता नेला की आमचा रस्ता नदीत पडला, हे आधी ठरायला हवं.”

तरुण मंडळी भडकली. “यांच्या नादी लागलो तर आपली नातवंडं वळसा घालतील!” म्हणून त्यांनी स्वतःच खांड भरायचं ठरवलं. झाडाचे ओंडके, फुटकी कौलं, कुणाच्या पडक्या गोठ्याचे दगड, मिळेल ते आणून टाकलं. म्युनिसिपालटीचं रस्त्यांचं काम बघणारे ओव्हरसियरसाहेब छत्री घेऊन शांतपणे बघत उभे होते. देशावरचे होते, मोजकं बोलायचे.

“पाऊस संपल्याशिवाय भरू नका,” ते म्हणाले. “नदीचं जेवण अजून झालेलं नाही.”

मंडळींनी ऐकलं नाही. उलट, “साहेब नुसता पगार घेतो,” असं त्यांना ऐकू जाईल असं बोलले. त्याच आठवड्यात पुन्हा पाणी आलं. ओंडके, कौलं, दगड सगळं गेलंच, शिवाय काठाचा आणखी एक तुकडा गेला. सकाळी मंडळी खाली माना घालून खांडीशी उभी. ओव्हरसियर आले, आत डोकावले आणि म्हणाले, “आता पान-सुपारी द्या.”

*

गणपतीचा किस्सा सांगितलाच पाहिजे. आमच्याकडे सगळ्यांचे गणपती बंदरावर विसर्जनाला जातात. पुढे मान नानासाहेबांच्या गणपतीचा. एकदा मिरवणूक निघाली, की मागे फिरायचं नाही.

त्या वर्षी कुणाच्या डोक्यात खांड आलीच नाही! झांजा, लेझीम, गुलाल, सगळं रंगात. वळणावर आलो आणि पुढचे थबकले. मागच्यांना कळेना, ते लोटतच राहिले. पुढे खांड, मागे अख्खं गाव. वाडीतून वळसा घालावा, तर पाट मखरासकट त्या वाटेनं जाईना. परत फिरणं तर शक्यच नव्हतं.

भटजी म्हणाले, “पाणी आहे ना? मग इथेच!”

भरती होतीच. नानासाहेबांनी डोळे मिटून हात जोडले आणि मूर्ती खांडीत सोडली. आणि मग पाट्या घेऊन कडेला बसलेली जानकीबाय कोळीण मोठ्यानं म्हणाली, “चला! पेशिडंटसायबांनी येक तरी मूठ माती टाकली म्हनायची!”

नानासाहेबांना हसू आवरलं नाही. गुलालानं भरलेल्या तोंडानं ते इतके हसले, की त्यांच्यावर चिडलेली माणसंसुद्धा त्या दिवशी त्यांच्या घरी प्रसादाला गेली.

*

ही जानकीबाय बंदरावरून बाजारात मासळी नेणारी. रस्ता गेल्यावर पहिले काही दिवस तिनं डोक्यावर पाट्या घेऊन वळसा घातला आणि आम्हा सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग एक दिवस तिनं खांडीच्या काठावरच पाटी उतरवली. “ज्याला खायाची हाय तो येईल हिकरं!”

आले! बांगडा खाणारा माणूस चिखलाला भीत नाही. जानकीबायशेजारी भाजीवाली बसली, तिच्याशेजारी पोहेवाला. विष्णूच्या हॉटेलनं चार बांबू रोवून तिथे शाखाच काढली. संध्याकाळी गाव फिरायला खांडीवर. पेन्शनर मंडळी पलीकडच्या काठावरच्या पेन्शनरांशी ओरडून गप्पा मारायची. ओरडून बोलायचं म्हटल्यावर माणूस कुचाळक्या कमी करतो, त्यामुळे वातावरणही चांगलं होतं!

मग भाद्रपद सरला, पाऊस हटला. ओव्हरसियरसाहेबांनी माणसं लावून नदीच्या अंगाला दगडांची भक्कम भिंत रचून घेतली. आता तिच्यामागे फक्त मातीची भर घालायची बाकी. तर दुसऱ्याच दिवशी विष्णू, पोहेवाला आणि भाजीवाली मिळून नानासाहेबांच्या ओटीवर हजर.

“काय हवंय?” नानासाहेबांनी विचारलं. “भर घालणार आहोत, काळजी नको.”

विष्णू म्हणाला, “तीच काळजी आहे साहेब. जरा दमानं घाला ना! आत्ताशी गिऱ्हाईक बसायला लागलंय.”

गाव असं रमलं होतं. हसनभाई मात्र रमले नव्हते. ते रोज वळसा घालून पलीकडे जायचे, मोटारीवरून फडकं फिरवायचे आणि परत यायचे. एकदा मला म्हणाले, “मास्तर, बापदादांनी समुद्रावर पोट भरलं. मीच एकटा जमिनीवर आलो. आणि माझ्या नशिबानं जमीनच खचली!” ते हसून बोलले, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

*

आता मातीची मीटिंग. भिंत झाली, पण मागे भरायला माती कुठली? आसपासची सगळी जमीन खारीतली, आणि तिचे मालक बहुतेक मीटिंगला आलेले. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

नानासाहेब म्हणाले, “बाळू पाटलांच्या शेताची माती उत्तम आहे, असं ऐकतो.”

हे बाळू पाटील म्युनिसिपालटीचे मेंबर, हरी पाटलांचे चुलतभाऊ. ते ताडकन उठले. “माझी? छे! माझी माती भुसभुशीत. माती बघावी तर म्हात्र्यांची! लोण्यासारखी!”

म्हात्रे म्हणाले, “लोण्यासारखी म्हणूनच उपयोगाची न्हाय, वितळंल! ठाकुरांची बघा, लोखंड हाय लोखंड!”

ठाकूर म्हणाले, “लोखंडाला गंज चढतो.”

संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं दुसऱ्याच्या मातीचं इतकं कौतुक केलं आणि स्वतःच्या मातीची इतकी नालस्ती केली, की शेवटी ओव्हरसियर म्हणाले, “अशा जमिनीत तुम्ही भात पिकवता तरी कसा?” त्यावर एकमतानं सभा तहकूब झाली.

हरी पाटील कोपऱ्यात बसून होते. बाहेर पडताना हसनभाई त्यांच्यासमोर आले.

“पाटील, तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील.”

पाटील म्हणाले, “शेताची माती मी कुनाला कशी मागू? शंख झाला तर गोष्ट येगळी.” आणि चालू लागले.

हसनभाईंनी दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनच्या एका सुपारीच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. या शेटजींना मोटार कधीपासून हवी होती. कोजागिरीच्या उधाणाला पाणी धक्क्याच्या काठाला लागतं. तेव्हा मोठा मचवा धक्क्याला लावून फळ्यांवरून मोटार आत घ्यायची. त्या दिवशी भरती पुरी होईपर्यंत रस्ता झाला तर व्यवहार रद्द, नाही झाला तर मोटार शेटजींची. असा शब्द ठरला.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी भावांच्या गलबतावर जाईन, मास्तर. हिशेब लिहायला.” परश्या त्या दिवशी मोटार धूत बसला. स्वच्छ होती, तरी पुन्हा पुन्हा धूत बसला.

*

आणि आता कोजागिरीचा दिवस.

सकाळी पाणी चढायला लागलं तशी मचव्याची शिडं दिसली. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं झालेलं, चार-सहा दिवसांत कापणी. अशा वेळी उधाण म्हणजे सगळ्या खारीचा जीव टांगणीला. दाराशी मातीचे ढीग रचलेले, पाट्या तयार, कान बांधाकडे.

बंदरावर आमचं दुःखाचं काम चाललं होतं. शेटजी भले गृहस्थ. “हसनभाई, मोटार मी जपेन हो,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि त्यानं जास्तच वाईट वाटत होतं. हसनभाई मशिदीच्या ओट्यावर जाऊन बसले होते. परश्या आणि खलाशी धक्क्याखाली फळ्या बांधत होते. मी धक्क्यावरच्या बुकिंग ऑफिसात बसलो होतो, कारण मला ते बघायचं नव्हतं. मोटार बाहेर एकटी उभी.

तेवढ्यात हरी पाटील आले. हातात काठी, खांदा उघडा. मी म्हटलं, “काय पाटील, बघायला आलात?”

“बला जातेय म्हनतात. डोल्यांनी बघावी,” ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोटारीला एक फेरी घातली. पाठ न करता! मडगार्डवर हात ठेवला. दिव्यात डोकावून बघितलं. मग मला म्हणाले, “मास्तर, जरा पानी द्या प्यायला. आतल्या माठातलं.”

मी आत गेलो. लोटा बुडवतो न बुडवतो तोच बाहेर आवाज झाला. लांब, घोगरा. एकदा, पुन्हा, पुन्हा!

मी लोटा घेऊन धावत बाहेर आलो. मोटार एकटी उभी होती. पाटील वळणाच्या दिशेनं निघून गेले होते आणि त्यांच्या वयाच्या मानानं बरेच लांब पोचले होते.

पाठोपाठ खारीतून गलका उठला. बांधाबांधावरून माणसं पळत सुटली. डोक्यावर भरल्या पाट्या, बायासुद्धा, कुणी अर्ध्या जेवणावरून उठलेले. आवाज बंदररस्त्याकडून आला, म्हणून सगळे बंदररस्त्याकडे. आम्हीही धावलो. हसनभाई, परश्या, खलाशी, मागून शेटजी.

वळणावर पोचलो तर खांडीच्या दोन्ही काठांना माणसंच माणसं. हरी पाटील मधोमध दगडी भिंतीवर उभे. भिंतीला बाहेरून उधाणाचं पाणी थडाथड आपटत होतं आणि दगडांच्या फटीतून आत झिरपत होतं.

पुढे बाळू पाटील होते, धापा टाकत. “दादा, खांड कुठं हाय?”

“ही काय!”

“ही तर रस्त्याची!”

“पानी येतंय का न्हाय?”

“येतंय.”

“मंग?”

बाळू पाटील इकडेतिकडे बघायला लागले. डोक्यावरची पाटी जड होत चालली होती. मागून म्हात्रे म्हणाले, “हरीदादा, पन शंख कुनी फुकला?”

पाटील भिंतीवरच त्यांच्याकडे वळले. कपाळावरचा घाम पुसायला त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं. लाल फडकं. तोंड पुसलं, मान पुसली, सावकाश झटकलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं.

सगळ्यांनी ते बघितलं. कुणी काही बोललं नाही. जानकीबायसुद्धा!

“कुनाला माती घरी न्यायाची हाय?” पाटलांनी विचारलं.

कुणाला न्यायची असणार! पहिली पाटी बाळू पाटलांनी ओतली. ज्यांच्या शेतातून मीटिंगमधे चिमूटभर माती निघत नव्हती, त्यांनीच! मागोमाग म्हात्रे, मग ठाकूर. लोण्यासारखी, लोखंडासारखी, भुसभुशीत, सगळी एकात एक. पाट्या रिकाम्या झाल्या तशी माणसं परत धावत जाऊन भरून आणू लागली. एकदा खांडीला हात लागला की ती बुजेपर्यंत खारीतला माणूस थांबत नाही, तो त्याच्या हाडातच असतो. विष्णूनं हॉटेलचे बांबू उपटून दिले. जानकीबायनं मासळीच्या पाट्या झटकून मातीला दिल्या. शेटजी धोतर खोचून पाट्या द्यायला रांगेत उभे राहिले आणि मग कुणाला तरी आठवलं, की यांचा तर यात तोटा आहे!

ओव्हरसियरसाहेब एका जागी उभे राहून “दाबा, दाबा, थर दाबा” म्हणत होते. नानासाहेब छत्री घेऊन पोचले, पार दमलेले. सगळं बघून म्हणाले, “पण ठराव?”

“मागाहून करा,” ओव्हरसियर म्हणाले. “पाणी आधी आलंय.”

भरती पुरी भरायच्या आत भर काठाला भिडली. ओव्हरसियरनी वर जाऊन बुटानं दाबून बघितलं. “माणूस चालेल,” ते म्हणाले. “मोटारीचं मी सांगत नाही.”

परश्या बंदराकडे पळाला होता. दूरवरून घंटा ऐकू आली. मोटार येत होती, पण उलटी! मचव्यात चढवायची म्हणून खलाशांनी उचलून तिचं तोंड खाडीकडे केलं होतं, आणि इतके दिवस उलटी हाकल्यावर ती वळवून घ्यावी असं परश्याच्या मनातही आलं नाही. मान मागे टाकून, ओठात विडी धरून, त्यानं मोटार रिव्हर्समधे भरीवर घातली. हसनभाई अनवाणी तिच्याबरोबर चालत होते, एक हात मडगार्डवर, जसं काही ती घसरली तर ते तिला धरणार होते. चाकं रुतली, वळली, रुतली, आणि निघाली. बाजारच्या बाजूला लागली!

जो ओरडा झाला तो पलीकडच्या गावी ऐकू गेला असेल. हसनभाई खाली बसले, मातीवरच. हात वर केले, पण काय मागायचं ते आठवेना; नुसतेच रडत होते. शेटजी त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले, “बरं झालं हो. मचव्यात मोटार चढवायची म्हणून मीच काल झोपलो नव्हतो.”

म्हात्रे पुन्हा बाळू पाटलांच्या कानाशी लागले. खोटा शंख फुंकणाऱ्यानं सगळ्या खारीला जेवण घालायचं, हा जुना दंडक. तो विचारल्याशिवाय राहायचं कसं? बाळू पाटील घसा खाकरून पुढे झाले. “दादा, ते शंखाचं...”

हरी पाटील मोटारीशी उभे होते. हॉर्नचं पितळी तोंड उन्हात उघडं चमकत होतं. पाटलांनी खांद्यावरचं लाल फडकं काढलं, नीट घडी केलं, हॉर्नच्या तोंडात कोंबलं आणि वर गाठ मारली. मग काठी आत ठेवली, मोटारीचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

परश्या आ वासून बघत राहिला.

“बघतोस काय?” पाटील म्हणाले. “चल चौलाला. दिवाली जवल आली, येसू वाट बघत आसंल. आन् घंटा वाजवत चल. हॉर्नला हात लावलास तर माझ्याशी गाठ हाय!”